गाठीसकट माप

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबते, गिऱ्हाईक आलं की त्याच्या छातीला, कमरेला, मनगटाला वेढा घालते आणि आकडा दाखवून पुन्हा गळ्यात जाऊन बसते, ती मी. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की शेवटी गळा काढतात आणि मला जपा म्हणतात. मी तसलं काही करणार नाही. मला राग आला आहे. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत मला बोलून घ्यायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. घट्ट विणीच्या सुती पट्टीवर पिवळं रोगण चढवलं, एका अंगाला इंच छापले, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, आणि टोकं उसवू नयेत म्हणून दोन्हीकडे पितळी चिमटे दाबून बसवले. तेव्हा चांगलंच लागलं होतं, पण मी कोरी होते, रागवायचं कसं ते ठाऊक नव्हतं. मग मला माझ्या बहिणींबरोबर एका खोक्यात घातलं आणि खोकं बटणं-दोऱ्यांच्या दुकानात गेलं. तिथून मला मास्तरांनी उचललं.

मास्तर म्हणजे माझे मालक. सगळं गिऱ्हाईक त्यांना मास्तरच म्हणतं. त्यांनी तेव्हा नुकतंच स्वतःचं दुकान थाटलं होतं. दुकान कसलं, एक लांबट बोळच होता. पुढे काच, काचेमागे कापड कापायचं टेबल, मग दोन मशीन, शेवटी पडद्याआड दोन आरसे आणि एक खुंटी. वर जिना आणि वरच्या मजल्यावर घर. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला पोलादी पट्टीशेजारी सरळ अंथरलं आणि इंचाला इंच लावून पाहिला. ''खोटं बोलत नाही ही,'' ते म्हणाले. त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. ते ऐकून मी जी फुगले, ती बरीच वर्षं तशीच होते.

कामाची ती वर्षं चांगली गेली, हे नाकारणार नाही. किती माणसांना मी कवेत घेतलं असेल. पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे राहणारे गृहस्थ तर रोजचेच. मास्तर त्यांना हवापाण्याचं काहीतरी विचारायचे. गृहस्थ उत्तर द्यायला तोंड उघडायचे, पोट आपल्या जागेवर यायचं, आणि तेवढ्यात मी माझं काम उरकायचे. विजारी कमरेत घट्ट झाल्याची तक्रार आमच्याकडे कधी आली नाही.

मास्तरांना त्यांच्या उस्तादांनी एक शिस्त लावली होती. माप घेताना तोंडातून फक्त आकडा निघाला पाहिजे. एक खांदा खाली उतरलेला असेल, पाठीला पोक असेल, एक पाय आखूड असेल, हाताला काही वेगळं लागलं असेल, तरी बोलायचं नाही. कापडात सांभाळून घ्यायचं. खांद्यात थोडा कापूस भरायचा, पाठीत चुणी घालायची, एक पायचा किंचित वर दुमडायचा. माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला आपण सरळ दिसलो पाहिजे आणि आपल्याला सरळ कुणी केलं हे त्याला कळता कामा नये. फार सभ्य शिस्त आहे, असं मलाही वाटायचं. दुकानापुरती ती ठीकही होती. पण मास्तर ती जिन्याने वर घरात घेऊन गेले आणि इथूनच माझ्या रागाला सुरुवात होते.

घरात मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांची थोरली बहीण, अशी तीन माणसं. बायकोला गिऱ्हाईक काकू म्हणतं. काकू तुरपाई आणि बटणं करायच्या. बहिणीला सगळे आक्का म्हणायचे. आक्का काजं करायची आणि तिच्या हातचं काज ओळखू यायचं इतकं ते नेटकं असे. तोंडाने मात्र फटकळ. मास्तरांचा टाका वाकडा गेला तर सगळ्या दुकानादेखत त्यांची उतरवून ठेवायची. अशी ही बाई स्वतःच्या छातीत गाठ झाली तेव्हा गप्प बसली. कुणाला म्हणजे कुणाला बोलली नाही. उघडकीला आलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिचं शेवटचं सगळं काकूंनी केलं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मास्तर दुकान अर्धं उघडं ठेवून दिवसभर जिना चढायचे आणि उतरायचे, आणि मी त्यांच्या गळ्यात त्यांच्याबरोबर चढायचे, उतरायचे.

आक्का गेली आणि त्या घरातून गाठ हा शब्दही गेला. शिवून झालं की काकू म्हणत, ''दोरा अडकवून टाका.'' मास्तर मान हलवत. दोघांनी ठरवून काही केलं नव्हतं, आपोआपच झालं.

नंतर एका सकाळी मास्तरांनी मला गळ्यात टाकलं आणि मला त्यांच्या मानेमागे, केस संपतात त्याच्या जरा खाली, काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, गोल. वर मधोमध सुईच्या टोकाने टोचल्यासारखा काळा ठिपका. मी रोज तिथूनच जाते. मला ते त्यांच्या आधी कळलं आणि सांगायला मला तोंड नव्हतं. त्यांना कळायला बरेच दिवस लागले. मला सरळ करताना त्यांचा हात तिथे गेला आणि तिथेच राहिला. मग ते पडद्याआड गेले, दोन आरशांच्या मध्ये उभे राहिले, मान वाकडी करून करून बघायला लागले. नीट दिसेना, तेव्हा त्यांनी मला काढलं आणि माझं टोक त्या उंचवट्यावर धरून अंदाजाने माप घेतलं. ''आक्का,'' ते हळूच म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी काय केलं असेल? डॉक्टरकडे गेले? बायकोला सांगितलं? छे. त्यांनी स्वतःसाठी उंच कॉलरचे शर्ट शिवले.

खोटं सांगत नाही. उस्तादांची शिस्त त्यांनी स्वतःच्या मानेला लावली. गाठ जशी वाढली तशी कॉलर वाढली. आत कॉलर ताठ ठेवणारं जाड बकरम, मागे एक लपवलेली चुणी, त्या चुणीत गाठ अलगद बसायची. कारागिरी म्हणाल तर अप्रतिम होती. इतकी की बाजारातले दोघेतिघे येऊन, मास्तर, आम्हालाही तुमच्यासारखी कॉलर पाहिजे, असं सांगून गेले. मास्तरांनी त्यांनाही शिवून दिली. बाजारभर माणसं मान ताठ करून हिंडत होती आणि त्या फॅशनचं कारण फक्त मला माहीत होतं. तुम्ही हसलात तरी चालेल. मला हसू येत नव्हतं. त्या बकरमखाली मी दिवसभर त्या गाठीवर घासत होते आणि घासायची मला मुळीच हौस नव्हती.

आता दुसरी गोष्ट ऐका, म्हणजे माझा राग तुमच्या लक्षात येईल.

मास्तर अस्तर आणायला बाजारात गेले की मला कधीकधी खुंटीवर ठेवून जायचे. अशाच एका दुपारी काकूंनी दुकानाचं दार लोटलं, मला खुंटीवरून घेतलं आणि डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर, कोपराच्या बऱ्याच वर, त्यांच्या कातडीखाली एक मऊ गोळा होता. बोट लावलं की सरकायचा. काकूंनी मला दंडाभोवती गुंडाळलं, आकडा पाहिला, आणि मला होते तशीच खुंटीवर अडकवून ठेवलं. मग बाहीची शिवण उसवून थोडी सैल करून घेतली. मास्तरांना याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. लग्नानंतर त्यांनी काकूंसाठी खाकी कागदाचं एक कटिंग करून ठेवलं होतं आणि आजवर काकूंचा प्रत्येक ड्रेस त्यावरूनच कापला जात होता. सगळ्या गावाचं माप घेणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचं माप कधी पुन्हा घेतच नव्हता. त्यांच्या लेखी काकू त्या कागदाएवढ्याच होत्या.

काकूंनी असं पुन्हा पुन्हा केलं. तो आकडा काही फारसा हलत नव्हता. पण मला घेताना त्यांचा हात दर वेळी थंडगार असायचा.

म्हणजे बघा. एकाच छपराखाली दोन माणसं, दोघांच्या अंगावर एकेक गाठ, आणि दोघांची मापं माझ्याच अंगावर. मास्तरांना वाटत होतं, आक्काचं झालं तेच आपलं होणार, आणि हिने एकदा सगळं निस्तरलंय, पुन्हा हिच्या गळ्यात हे घालायचं कसं? काकूंनाही नेमकं तेच वाटत होतं. ही माझी कल्पना नाही, पुढे ते दोघांच्याही तोंडून निघालं. दोघं एकमेकांना जपत होती आणि जपता जपता दोघंही आतून वाळत चालली होती. काकू जेवणावरून लवकर उठायच्या. मास्तर कापड कापताना मध्येच थांबून खडूकडे बघत बसायचे. माझाच फास करून दोघांना एकत्र बांधावं आणि ओरडून सांगावं असं मला वाटायचं. मी टेप आहे. मी नुसतीच लोंबत होते.

आमच्या शेजारी इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. माणूस मनाने चांगला, पण सल्ला द्यायला कायम सज्ज. एकदा तो गरम कपड्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवत असताना मास्तर खाली वाकलेले होते, आणि त्याला कॉलरच्या आतलं दिसलं.

''मास्तर, हे काय वाढवलंय?''

''काही नाही. हळू बोल.''

''अहो, दाबून काढायचं. माझ्या मेव्हण्याला होतं अस्संच. पिचकवलं, गेलं.''

त्या मेव्हण्याचं पुढे काय झालं हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही. पडद्याआड जाऊन त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी ती गाठ दाबली. काळ्या ठिपक्यातून पांढरट, घट्ट, मेणासारखं काहीतरी बाहेर आलं. त्याला इतका घाण वास होता की मला माझं रोगण गळून पडेल असं वाटलं. गाठ बसली. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी त्यांनी मशीनवर शीळ घातली आणि काकूंनी वरून डोकावून विचारलं, ''आज काय विशेष?'' ''काही नाही,'' मास्तर म्हणाले. त्या घरात दिवसाकाठी जितक्या वेळा 'काही नाही' म्हटलं जायचं, तितके टाकेही पडत नसतील.

थोड्याच दिवसांत गाठ परत भरली. त्यांनी परत दाबली. परत भरली. आता ती सुपारीएवढी झाली होती आणि दाबून काही निघेना. तेव्हा मास्तरांनी बटणं लावायची सुई घेतली, काडी पेटवून तिचं टोक काळं केलं, आणि आरशात बघत बघत अंदाजाने मानेत खुपसली. ज्या माणसाने आयुष्यात कधी अंदाजाने कापडाला कात्री लावली नाही, मापाशिवाय रुमालही कापला नाही, त्याने स्वतःच्या मानेत अंदाजाने सुई घातली. ती सुई माझ्या चांगल्या ओळखीची होती. तिचा काही दोष नव्हता, तरी त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

पुढे जे व्हायचं तेच झालं. मान लाल झाली, गरम झाली, ठणकायला लागली. कातडी इतकी ताणली की चकाकत होती. मास्तरांना मान वळवता येईना, कुणी हाक मारली की ते अख्खे वळायचे. अंगात ताप होता. आणि तरीही ते त्या उंच कॉलरचं सगळ्यात वरचं बटण लावून टेबलापाशी उभे राहिले. एका गिऱ्हाइकाच्या विजारीचं कापड कापताना त्यांना खाली वाकून खडूची रेघ दिसेना, आणि त्यांनी एक पाय तोकडा कापला. कात्री खाली ठेवून ते त्या कापडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं.

काकू जिन्यावरून खाली आल्या. ''अहो, असे काय उभे आहात?''

''काही नाही. जरा कणकण आहे.''

''मग टेप तरी काढा गळ्यातली. बसा जरा,'' असं म्हणत त्यांनी मला मास्तरांच्या गळ्यातून ओढून घेतलं.

मित्रांनो, मला तोंड नाही, पण त्या दिवशी मी बोलले. माझ्या बरोबर मध्यावर, तीस इंचांच्या आसपास, पिवळट ओला डाग होता. त्यात रक्ताची रेघ होती. ती गाठ सकाळीच फुटून वाहायला लागली होती आणि मी ते सगळं शोषून घेतलं होतं. काकूंनी डागाकडे पाहिलं, बोट लावून पाहिलं, हुंगून पाहिलं. मग त्यांनी मास्तरांच्या कॉलरचं बटण काढलं आणि कॉलर मागे ओढली.



''ही गाठ आहे,'' काकू म्हणाल्या. तो शब्द त्या घरात कित्येक वर्षांनी उच्चारला गेला. ''कधीपासून?''

''झाले असतील दिवस.''

''दिवस? अहो, कॉलरी कधीपासून वाढवताय तुम्ही? मला वाटलं, म्हातारपणी नटावंसं वाटतंय माणसाला. मला सांगायला काय झालं होतं?''

''तू आक्काचं सगळं केलंस,'' मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. ''पुन्हा तुझ्यावर तेच कसं टाकू? मी म्हटलं, होईल ते होईल.''

काकूंनी मला मुठीत इतकं आवळलं की माझा पितळी चिमटा त्यांच्या तळव्यात रुतला. मला वाटलं, आता या रडणार. त्या रडल्या नाहीत. त्या संतापल्या. मला आयुष्यात कधी कुणाचा संताप इतका आपला वाटला नव्हता.

''होईल ते होईल? वन्संनी पण असंच ठरवलं होतं. आम्हाला विचारलं त्यांनी? आपण दोघांनी मिळून काय करायचं ते केलं असतं. ती संधीसुद्धा दिली नाही. आणि तुम्ही...'' त्या थांबल्या. मग त्यांनी डावी बाही वर सरकवली. ''आणि मी तरी कुठली शहाणी. हे बघा.''

मास्तरांनी त्यांच्या दंडाकडे पाहिलं. हात लावायला पुढे केला आणि तसाच राहू दिला.

''तुझी बाही तर बसते बरोबर,'' ते कसंबसं म्हणाले.

''मी उसवून घेते. तुम्ही बाजारात गेलात की.''

मला वाटतं, ताप, ठणका, भीती या सगळ्यांपेक्षा हे वाक्य मास्तरांना जास्त लागलं. त्यांनी शिवलेली बाही त्यांच्याच दुकानात, त्यांच्या नकळत पुन्हा पुन्हा उसवली जात होती.

काकूंनी मग वेळ घालवला नाही. दुकानाचं दार ओढून घेतलं, मास्तरांना धरलं आणि दवाखाना गाठला. मी त्यांच्या मुठीतच राहिले होते. म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे.

तिथली डॉक्टरीण उंच, शिडशिडीत, केस कापलेली होती. तिने मास्तरांच्या मानेला हातमोजा घालून हात लावला आणि विचारलं, ''दाबली होती?''

''थोडी.''

''सुईने टोचलीत?''

मास्तर आपल्या अंगठ्यांकडे बघू लागले.

''कुणी सांगितलं होतं?''

''इस्त्रीवाल्याने.''

''शर्टाला इस्त्री कुणाकडून करून घेता?''

''त्याच्याचकडून.''

''मग गाठ आमच्याकडे आणायची ना. मी कधी इस्त्री केलेली बघितलीत?''

ती चिडली होती म्हणून मला ती तिथल्या तिथे आवडली. तिने मास्तरांचं बोट टोचून साखर तपासली, मानेला बधिर करायचं इंजेक्शन दिलं, छोटी चीर दिली आणि आतला सगळा पू काढून टाकला. मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले. मग ते म्हणाले, ''बाई, आता उघडलंच आहे तर मुळापासून काढून टाका. आजच.''

''आज नाही. तुम्ही शिंपी ना? मग सांगा, खिसा नुसता रिकामा केला तर खिसा जातो का?''

''नाही. तो परत भरतो.''

''ही गाठ म्हणजे कातडीखालचा एक खिसा आहे. त्याला आतून कातडीचंच अस्तर असतं. अंगावरची कातडी झडते ना, तशी ती आत झडते आणि साठत राहते. तोच तो घाण वास. तुम्ही दाबून माल बाहेर काढत होतात, अस्तर आतच होतं. ते अख्खं निघालं पाहिजे. आज सूज आहे, अस्तर फाटेल, तुकडा आत राहिला की गाठ पुन्हा येईल. औषधं घ्या, सूज पूर्ण उतरू दे, मग या. तेव्हा मी ती सबंध काढते.''

मास्तरांनी मान हलवायचा प्रयत्न केला. अस्तराचं त्यांना पटलं होतं. मग त्यांनी ज्या प्रश्नासाठी इतके दिवस कॉलरी शिवल्या, तो विचारला. ''पण ही... वाईटातली आहे का?''

''दिसते तरी साधी. काढली की तपासायला पाठवते, म्हणजे शंकाच नको. बहुतेक अशा गाठी निरुपद्रवी असतात. लहान असेल, दुखत नसेल, कुठे घासत नसेल, तर मी त्या काढतसुद्धा नाही. तुमची काढायची, कारण ती वाढली, पिकली, आणि रोज तिच्यावर काहीतरी घासतंय.''

त्या 'काहीतरी'कडे, म्हणजे माझ्याकडे, काकूंनी पाहिलं. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. मग त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि बाही वर केली.

डॉक्टरणीने त्यांच्या दंडावरचा गोळा सगळ्या बाजूंनी चाचपला, बोटाखाली सरकवून पाहिला, काखेत हात घालून पाहिलं. कधीपासून आहे, वाढला का, दुखतो का, सगळं विचारलं. खात्रीसाठी शेजारच्या खोलीत पाठवून यंत्रावर आतलं चित्रही बघून घेतलं. मग म्हणाली, ''चरबीची गाठ आहे. राहू दे.''

''राहू दे?''

''राहू दे. काही करत नाही ती तुम्हाला. भराभर वाढायला लागली, कडक झाली, सरकेनाशी झाली, दुखली, वरची कातडी बदलली किंवा त्यातून रक्त आलं, तर त्याच दिवशी या. कुठलीही गाठ अशी वागली तर यायचं, आणि छातीत असेल तर कशी का वागेना, लगेच यायचं. वाट बघत बसायचं नाही.''

काकू कितीतरी वेळ आपल्या दंडाकडे बघत बसल्या. ''म्हणजे इतकी वर्षं मी...'' एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरणीने आपलं लिहायचं काम थांबवून त्यांना पाण्याचा पेला दिला. ती तेव्हा रागावली नाही.

मीच रागावले. अजूनही आहे. ज्या गाठीने काहीच केलं नसतं, तिने या बाईचं जेवण तोडलं, झोप तोडली. आणि वाटाण्याएवढी असताना थोडक्यात निघाली असती, ती याने कॉलरीखाली पोसली, इस्त्रीवाल्याच्या शब्दावर पिचकवली आणि सुईने बिघडवली. दोन्ही गाठी साध्या होत्या. आक्काची साधी नव्हती, पण तीही तिने वेळेवर दाखवली असती तर निदान डॉक्टरांना काही करून बघता आलं असतं. नुसतं बघून, हात लावून, घरात बसून कुणाला कळणार होतं कुठली साधी आणि कुठली नाही?

सूज उतरल्यावर मास्तर पुन्हा गेले. या वेळी काकूंनी सांगितलं तसे साध्या गोल गळ्याचा शर्ट घालून गेले. परत आले तेव्हा मानेवर पट्टी होती आणि ते काकूंना सांगत होते की अस्तर एका तुकड्यात निघालं, डॉक्टरणीचा हात साफ आहे, टाके मात्र जरा लांब लांब घातलेत. तपासणीचा निकालही नंतर आला. गाठ साधीच होती.

माझं म्हणाल तर मला साबणाने घासलं, गरम पाण्यात बुडवलं, उन्हात टाकलं. डाग फिका झाला, गेला नाही, आणि मधले काही आकडे मात्र पुसले गेले. गिऱ्हाइकासमोर असली टेप शोभत नाही. मास्तरांनी नवी आणली. कापडी नाहीच, गुळगुळीत, पांढरी, आणि स्वतःवर भलतीच खूष. मी आरशांशेजारच्या खुंटीवर असते. तिला ते गळ्यात घालत नाहीत, टेबलावर ठेवतात. एवढं तरी ते शिकले.

उस्तादांची शिस्तही त्यांनी आता थोडी मोडली आहे. परवा एका बसचालकाच्या पाठीचं माप घेताना त्यांचा हात थांबला. मी खुंटीवरून बघत होते. जुने मास्तर असते तर आकडा सांगून मोकळे झाले असते. हे म्हणाले, ''तुमच्या खांद्यामागे एक टेंगूळ आहे. तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगतो. दाबू नका. एकदा दाखवून या.'' बसचालकाचं तोंड वाकडं झालं. ''तुम्ही शर्ट शिवा,'' तो म्हणाला. ''शिवतोच आहे,'' मास्तर म्हणाले, ''पण दाखवून या.'' तो गेला की नाही ते मला माहीत नाही. त्याचा शर्ट अजून टांगलेला आहे.

तर मित्रांनो, मला जपू नका. माझं मेलं काय व्हायचं ते होऊ दे. तुमच्या मानेमागे, पाठीवर, जिथे तुमचा डोळा पोहोचत नाही, तिथे काही लागलं तर ज्याचा डोळा पोहोचतो त्याला दाखवा. आणि दुसऱ्याच्या अंगावर दिसलं तर बोला. तो रागावेल, तर रागावू दे. मी रागावूनच जगते आहे, मला काही झालेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. पट्टी निघाल्यावर एका दुपारी मास्तरांनी भिंतीवरचं ते खाकी कागदाचं कटिंग काढलं, घडी केली आणि वर नेऊन चुलीत घातलं. मग काकूंना खाली बोलावलं. ''उभी राहा,'' ते म्हणाले. नवी टेप समोर टेबलावरच होती. ते तिच्यावरून पुढे गेले आणि खुंटीवरून मला घेतलं.

''अहो, ती डागाळलेली कशाला?'' काकू म्हणाल्या.

''हिला तुझं माप ठाऊक आहे. मलाच नव्हतं.''

काकूंनी हात बाजूला धरला. मास्तरांनी मला त्यांच्या दंडाभोवती गुंडाळलं, त्या मऊ गोळ्यावरून, न चुकवता, आणि मी कुठे काचतेय का हे बघायला खाली एक बोट घातलं.

''साडेबारा,'' ते म्हणाले. ''गाठीसकट.''

''गाठीसकटच शिवा,'' काकू म्हणाल्या. ''आणि बाही जरा सैल ठेवा.''